पाण्याची स्मृती आणि पडताळणीचा अधिकार

आमच्या वस्तीतील वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अभ्यासमंडळ भरते. महाविद्यालयात शिकणारी दहाबारा मुले-मुली, दोन-तीन शिक्षक आणि चळवळीतले काही कार्यकर्ते, एवढाच आमचा गोतावळा. एका रविवारी एका विद्यार्थ्याने कात्रण आणले. मथळा असा होता, की पाण्याला स्मृती असते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. त्याने विचारले, "सर, हे 'नेचर'मध्ये छापून आलं होतं म्हणे. मग खरंच असणार ना?"

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. गेली कित्येक वर्षे हाच विषय शिकवीत आलो. मी फारसा विचार न करता म्हणालो, "ते सगळं खोटं आहे. कधीच निकालात निघालंय." त्यावर मागे बसलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही करून पाहिलं होतं का?"

मी करून पाहिलेले नव्हते. एवढेच नव्हे, तर ते कोणी, कसे आणि किती वेळा करून पाहिले हेही मला नीट सांगता आले नाही. मी ओशाळलो. त्या मुलाने एका नियतकालिकाचा शब्द प्रमाण मानला होता आणि त्याऐवजी त्याने माझा शब्द प्रमाण मानावा अशी माझी अपेक्षा होती. यात फरक तो काय? ज्या शब्दप्रामाण्याविरुद्ध आपण इतकी वर्षे बोलत आणि लिहीत आलो, तेच मी खडूने माखलेल्या हाताने वाटीत होतो. घरी आल्यावर मी ते सारे प्रकरण मुळापासून वाचून काढले. त्या मुलीला द्यायचे उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे.

दावा काय होता?

जाक बेनवेनिस्त हे फ्रान्समधील नामवंत रोगप्रतिकारशास्त्रज्ञ. पॅरिसजवळ क्लामार येथे सरकारी वैद्यक संशोधन संस्थेची जी प्रयोगशाळा होती, तिचे ते प्रमुख. त्यांना भोंदू म्हणता येणार नाही. रक्तातील बिंबिकांना सक्रिय करणाऱ्या एका द्रव्याविषयी १९७० च्या दशकात त्यांनी केलेले काम आजही मान्य आहे. ३० जून १९८८ रोजी त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध 'नेचर' या ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात आला.

निबंधातला प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. आपल्या रक्तात बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या फार थोडी. शंभर पांढऱ्या पेशींत एखादी. या पेशींत बारीक कण असतात. अॅलर्जीच्या वेळी पेशी ते कण बाहेर टाकते आणि मग शिंका, खाज, सूज असे प्रकार सुरू होतात. कण आत असताना एका विशिष्ट रंगद्रव्याने पेशी रंगते. कण बाहेर पडले की ती रंगत नाही. म्हणून रक्तात एखादे द्रव्य घालावे आणि आधी किती पेशी रंगल्या, नंतर किती रंगल्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे. संख्या घटली, तर द्रव्याचा परिणाम झाला.

बेनवेनिस्त यांच्या प्रयोगशाळेने या पेशींना चेतविणारे एक प्रतिद्रव्य घेतले. त्याचा एक भाग व पाणी नऊ भाग असे मिश्रण करायचे, ते जोराने ढवळायचे, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग पाण्यात घालायचा. असे पुनःपुन्हा करायचे. दर पायरीला द्रव्य दहापट विरळ होते. त्यांनी हे विरलीकरण दहाच्या १२० व्या घातापर्यंत नेल्याचे लिहिले आणि तेथेही पेशी कण टाकतात असा दावा केला.

आता शाळेत शिकलेले गणित आठवावे. १८ ग्रॅम पाण्यात साधारण ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात. कोणत्याही द्रव्याचे एवढे रेणू घेऊन सुरुवात केली, तरी दहापट विरलीकरणाच्या २४ पायऱ्यांनंतर एक रेणूही उरण्याची खात्री नाही. मग १२० पायऱ्यांनंतर काय उरणार? दृश्य विश्वातील एकूण अणूंची संख्याच सुमारे दहाचा ८० वा घात एवढी मानली जाते. म्हणजे नळीत निव्वळ पाणी होते. तरीही परिणाम होत असेल तर द्रव्य नाहीसे झाले पण पाण्याने त्याची आठवण ठेवली, असेच म्हणावे लागते. 'पाण्याची स्मृती' हा शब्दप्रयोग यातूनच लोकांत पसरला. होमिओपॅथीच्या अतिविरल औषधांवर जो मुख्य आक्षेप घेतला जातो, त्याला परस्पर उत्तर मिळाल्यासारखे झाले. वृत्तपत्रांनी हा विषय उचलला यात नवल नाही.

शास्त्रज्ञांना हे का पटेना? पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात आणि सोडतात. ही धरसोड सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागाच्या हिशेबात चालते. इतक्या चंचल पाण्याने महिनोन्महिने कशाचा तरी ठसा जपून ठेवावा, याला आधार नव्हता. शिवाय पाण्याने आठवण ठेवायचीच, तर या एकाच द्रव्याची का ठेवावी? नळीची काच, हवेतली धूळ, नदीतली माती यांची का नाही? तथापि, केवळ 'आमच्या समजुतीत बसत नाही' हे दावा फेकून द्यायला पुरेसे कारण नव्हे. 'नेचर'चे संपादक जॉन मॅडॉक्स यांनीही तो फेकला नाही. प्रथम दुसऱ्या प्रयोगशाळांनी हा प्रयोग करून पाहावा, असे त्यांनी सांगितले. इस्रायल, इटली व कॅनडा येथील सहकाऱ्यांकडून अनुकूल निकाल आले. मग निबंध छापला. पण त्यासोबत संपादकीय शंकेची टीप छापली आणि आमची माणसे येऊन प्रयोग डोळ्यांसमोर पाहतील, अशी अट घातली.

क्लामारमधला आठवडा

जुलै १९८८ मध्ये तिघेजण क्लामारला गेले. स्वतः मॅडॉक्स, वैज्ञानिक गैरप्रकारांचा शोध घेणारे अमेरिकन संशोधक वॉल्टर स्ट्युअर्ट, आणि जेम्स रँडी नावाचे जादूगार. जादूगार कशाला, असे वाचकांना वाटेल. हातचलाखी ओळखायला तीत मुरलेला माणूस लागतो, म्हणून. प्रत्यक्षात त्यांना तेथे हातचलाखी सापडली नाही. सापडले ते निराळेच.

पहिल्या काही प्रयोगांत परिणाम दिसला. प्रयोगशाळेतील लोकांनी नेहमीसारखे काम केले आणि आकडे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खालीवर झाले. त्यानंतर पाहुण्यांनी अट कडक केली. कोणत्या नळीत विरल केलेले द्रव्य आहे आणि कोणत्या नळीत साधे पाणी आहे, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. नळ्यांना संकेतांक दिले. संकेतांची यादी कागदात गुंडाळून लिफाफ्यात घातली, लिफाफा मोहोरबंद केला आणि प्रयोगशाळेच्या छताला चिकटवून ठेवला. तेथे तो सर्वांना दिसे, पण गुपचूप उघडता येत नसे. अशा रीतीने तीन प्रयोग झाले. मोजणी पुरी झाल्यावर लिफाफा उतरवून फोडला. द्रव्याच्या नळ्या आणि पाण्याच्या नळ्या यांत काही फरक उरलेला नव्हता.

२८ जुलै १९८८ च्या अंकात तिघांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही गोष्टी निकालाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. प्रयोग कधीकधी महिनेच्या महिने जमत नसे, हे प्रयोगशाळेने सांगितले. काही लोकांच्या रक्तावर परिणाम दिसत नसे. ते रक्त बाजूला ठेवले जाई. परिणाम मुख्यतः एका संशोधिकेच्या हातून मिळत असे. आणि निबंधाच्या दोन लेखकांचा पगार एका होमिओपॅथिक औषध कंपनीशी झालेल्या करारातून येत असे. पगार कोण देतो एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण ते वाचकाला माहीत असले पाहिजे.

सर्वांत बोलका भाग मात्र संख्याशास्त्राचा होता. एकाच रक्ताचे थेंब घेऊन पेशी पुनःपुन्हा मोजल्या, तर दरवेळी तोच आकडा येत नाही. सरासरी १०० असेल तर एकदा ९१, एकदा १०८ असे व्हायचेच. सुमारे दहाचा चढउतार हा मोजणीचा स्वभाव आहे. क्लामारच्या वह्यांत दुबार मोजणीचे आकडे एकमेकांशी त्याहून अधिक जुळत होते. नियमाने जेवढे चुकायला हवे, तेवढीही चूक त्यांत नव्हती. पहिला आकडा ठाऊक असला की दुसऱ्या वेळी डोळा त्याच्याकडे ओढला जातो. अर्धवट रंगलेली पेशी मोजायची की सोडायची, हे त्या क्षणी ठरते. आणि ठरविणाऱ्याला आपण काही ठरविले याची जाणीवही नसते.

बेनवेनिस्त संतापले. त्याच अंकात त्यांचे उत्तर छापले आहे. त्यांनी या तपासणीची तुलना सेलमच्या चेटकीण-खटल्यांशी आणि अमेरिकेतील मॅकार्थीच्या काळातील छळाशी केली. त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. तिघांपैकी एकाचाही या शाखेत अनुभव नव्हता. आठवड्याभरात थोडेच प्रयोग झाले. आणि प्रयोगशाळेतल्या वातावरणाला चौकशीचे स्वरूप आले होते. पाहुण्यांनी येऊन पाहणे ही खरी पडताळणीही नव्हे. खरी पडताळणी म्हणजे दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी, आपल्या हाताने तोच प्रयोग करणे. ती पुढे झाली.

दुसऱ्यांच्या हातून

१९९३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका गटाने मूळ कृती शक्य तितकी तंतोतंत पाळून, संकेतांक लावून प्रयोग केला. निकाल 'नेचर'मध्येच आला. अतिविरल द्रव्याचा परिणाम आढळला नाही. आपल्या आकड्यांतील काही चढउतार आपल्याला उलगडला नाही, पण त्याचा विरलीकरणाशी संबंध दिसत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

गोष्ट येथे संपली असे मानू नये. हिस्टॅमिन हे वेगळे द्रव्य वापरून युरोपातील चार प्रयोगशाळांनी संकेत लावून काम केले आणि काही परिणाम दिसल्याचे २००४ साली छापले. त्यांत बेलफास्टच्या एक संशोधिका होत्या. त्या मुळात शंका घेणाऱ्यांतल्या. दरम्यान २००२ साली बीबीसीने अशीच एक चाचणी घडवून आणली. तिचा निकाल निव्वळ योगायोगापलीकडे गेला नाही. ती चाचणी आपल्या कृतीप्रमाणे झाली नाही, असा आक्षेप त्या संशोधिकेने घेतला. २००५ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथील गटाने हिस्टॅमिनचाच प्रयोग पुन्हा केला. त्यांनाही परिणामाची खात्री पटली नाही.

बेनवेनिस्त स्वतः पुढेच गेले. द्रव्याची खूण विद्युत्-संकेताच्या रूपात नोंदवून घेता येते आणि संगणकातून पाण्याला ऐकवता येते, असे ते म्हणू लागले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर एका स्वतंत्र गटाने हे तपासले. रक्त गोठण्याच्या क्रियेवर प्रयोग होता आणि उपकरण आपोआप चालणारे होते. अधूनमधून परिणाम दिसे; पण तो बेनवेनिस्त यांच्या गटातील एक विशिष्ट व्यक्ती काम करीत असतानाच. कडक नियंत्रणाखाली तो टिकला नाही. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला. बेनवेनिस्त त्याआधीच, २००४ मध्ये, वारले होते.

आपल्या महाराष्ट्राशी निगडित एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, कारण ती या वादात सारखी पुढे केली जाते. २०१० साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी एक निबंध लिहिला. बाजारात मिळणाऱ्या, धातूंपासून केलेल्या अतिविरल होमिओपॅथिक औषधांत त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण सापडले, असा त्यांचा दावा होता. 'बघा, पाण्याची स्मृती सिद्ध झाली' असे काहीजण म्हणाले. वास्तविक हा दावा उलट दिशेचा आहे. द्रव्य उरतच नाही आणि पाणी आठवण ठेवते, हा एक दावा. द्रव्याचे कण शिल्लक राहतात, हा दुसरा. त्या कणांनी रोग बरा होतो, हा तिसरा. तो त्या निबंधाने तपासलाच नव्हता. तिन्ही दावे वेगवेगळे आणि तिघांची परीक्षाही वेगवेगळी. एकाच्या पुराव्यावर दुसरा विकला जातो, तेथे सावध व्हावे.

तो खोटारडा नव्हता

आता हे सारे या त्रैमासिकात का, ते सांगतो.

क्लामारच्या त्या संशोधिकेने लबाडी केली, असे त्या अहवालात म्हटलेले नाही. तिला खरोखरच कमी पेशी दिसत होत्या. नळीवरचे नाव माहीत असेपर्यंत तिला फरक दिसला. नाव झाकल्यावर दिसेनासा झाला. डोळे तेच, हात तेच, सचोटीही तीच. मग बदलले काय? फक्त नाव झाकले गेले.

हे वाचताना मला माझे विद्यार्थिदशेचे दिवस आठवले. लेखी परीक्षेत माझा क्रमांक वर्गात पहिल्या पाचांत असे. उत्तरपत्रिकेवर फक्त आसनक्रमांक लिहावा लागे. प्रात्यक्षिकाच्या आणि तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकासमोर उभे राहून नाव सांगावे लागे. मग गाव कोणते, वडील काय करतात, हेही विचारले जाई. तेथे माझे गुण दर वर्षी तळाला जात. ब्युरेट तीच, द्रावण तेच आणि लेखी परीक्षेत ज्या रसायनाचे समीकरण मी बरोबर लिहिले तेच रसायन. त्या परीक्षकांना मी कित्येक वर्षे मनातल्या मनात खोटारडे म्हणत आलो. आता वाटते, निदान काहींच्या बाबतीत ते तसे नसेल. त्यांना माझा हात खरोखरच गबाळा दिसत असेल. माझे उत्तर त्यांना खरोखरच अडखळते वाटत असेल. अर्धवट रंगलेल्या पेशीसारखे माझे अर्धे बरोबर उत्तर मोजायचे की सोडायचे, हे त्यांच्याही नकळत ठरत असेल.

यामुळे ते दोषमुक्त होत नाहीत. उलट प्रश्न अधिक बिकट होतो. खोटारड्या माणसाला कधीतरी लाज वाटण्याची शक्यता असते. ज्याला तसेच दिसते, त्याला लाज कशी वाटणार? त्याची मने वळवा, त्याच्या सद्सद्विवेकाला हात घाला, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले. बेसोफिल पेशी मोजणाऱ्यांचा अनुभव असे सांगतो, की प्रामाणिक माणसाच्या सद्भावनेवर विसंबणे हा मोजणीचा मार्ग नव्हे. म्हणून विज्ञानाने सज्जन मोजणारा शोधण्याचा नाद सोडला आणि नळीवरचे नाव झाकण्याची रीत पत्करली. कोणाला काय दिले हे देणारा आणि घेणारा या दोघांनाही ठाऊक नसणे, याला 'दुहेरी अंध चाचणी' म्हणतात. संरक्षण माणसाच्या चांगुलपणात नसते, ते पद्धतीत असते. ज्यांनी घटनात्मक संरक्षणांचा आग्रह धरला, त्यांच्या वारसांना हे वेगळे सांगायला नको.

आणि पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून एक आठवण. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो माणसांनी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. आमच्या ओंजळीचा स्पर्श पाणी लक्षात ठेवते, असाच तो दावा नव्हता काय? त्या दाव्याची परीक्षा सोपी होती. दोन घागरी पडद्याआड भरायच्या, एक आमच्या हाताने आणि एक त्यांच्या हाताने, चिठ्ठ्या लावायच्या, आणि विटाळ कोणत्या घागरीत आहे ते शास्त्र्यांनी ओळखायचे. अशी परीक्षा कोणी देऊ केली नाही. घागर कोणी भरली हे माहीत असल्यावाचून विटाळ कोणालाच सापडत नसतो.

शंका घेणाऱ्याचीही परीक्षा

येथे स्वतःलाही बजावले पाहिजे. शंका घेणे हा मोठेपणाचा बिल्ला नव्हे. 'हे शक्यच नाही' असे म्हणून विषय बंद करणारा शास्त्री आणि 'ग्रंथात आहे' असे म्हणून विषय बंद करणारा शास्त्री, दोघेही परीक्षा टाळतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंडे सरकतात असे मांडले. बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांनी ते धुडकावले. १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या मोजण्या पुढे आल्या आणि धुडकावणाऱ्यांना माघार घ्यावी लागली. पोटातील व्रण जिवाणूमुळे होतात, असे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन म्हणू लागले तेव्हा वैद्यकाला ते पटेना. मार्शल यांनी १९८४ साली ते जिवाणू स्वतःच पिऊन पाहिले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग वेगेनर आणि मार्शल एका बाजूला व बेनवेनिस्त दुसऱ्या बाजूला, हे कशावरून ठरवायचे? उपेक्षा तर तिघांच्याही वाट्याला आली. उपेक्षा झाली म्हणून कोणी खरा ठरत नाही; हे आपणही विसरता कामा नये, कारण उपेक्षितांना हा युक्तिवाद फार लवकर भुरळ घालतो. फरक पुढच्या वाटचालीत आहे. मार्शल यांचे म्हणणे जितक्या जास्त लोकांनी, जितक्या चांगल्या साधनांनी तपासले तितके ते ठळक होत गेले. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांच्याही प्रयोगशाळेत जिवाणू सापडले. जिवाणू मारल्यावर व्रण बरे झाले. पाण्याच्या स्मृतीचे उलट झाले. नियंत्रण जितके कडक, तितका परिणाम बारीक होत गेला. तो विशिष्ट हाताला चिकटून राहिला. विशिष्ट हातालाच जे दिसते, त्याला आपल्याकडे सिद्धी म्हणतात. विज्ञानात सिद्धीला जागा नाही, कारण तेथे अधिकारी पुरुष नसतो. असे होते म्हणणाऱ्याने कृती लिहून द्यायची आणि बाजूला व्हायचे. विश्वास नसलेल्याच्या हातूनही ते झाले पाहिजे.

ज्ञानाचा अधिकार अमक्यालाच आणि तमक्याला नाही, या व्यवस्थेत आपल्या पिढ्या भरडल्या गेल्या. त्या दृष्टीने 'कोणीही करून पाहावे' हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. मात्र हे वाक्य अजून आश्वासनच आहे, हेही खरे. पेशी मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, रसायने लागतात, पगारी वेळ लागतो आणि प्रयोगशाळेच्या दारातून आत जाता आले पाहिजे. आमच्या अनेक महाविद्यालयांत बारा मुलांमागे एक सूक्ष्मदर्शक असतो आणि त्याचीही चावी कपाटात असते. नळीवरचे नाव झाकले, तरी दारावर नाव विचारले जातेच. नाव झाकणे हा दारापलीकडचा न्याय आहे. दारापर्यंत पोचविण्याची लढाई वेगळी लढावी लागते.

आम्ही काय केले

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी ही सारी हकीगत सांगितली. त्या मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, आपल्याला इथं करता येईल असं काही नाही का?" पेशी मोजणे आमच्या आवाक्यातले नव्हते. पण तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी चवीवरून ओळखता येते, असे मंडळातले बहुतेकजण शपथेवर सांगत होते. मी तर सर्वांत आधी. आम्ही तांब्याच्या हंड्यातले आणि स्टीलच्या पातेल्यातले पाणी घेतले. एका मुलाने आतल्या खोलीत नाणे उडवून दहा पेले भरले, त्यांच्या बुडाला आकडे लिहिले, यादी पाकिटात घालून पाकीट डिंकाने बंद केले आणि तो बाहेर निघून गेला. दुसऱ्याने, ज्याला काही ठाऊक नव्हते त्याने, पेले आमच्यापुढे ठेवले. प्रत्येकाने आपले उत्तर लिहून दिले आणि मग पाकीट फोडले.

नाणे उडवून जितके बरोबर यावे तितकेच आले. कोणी अर्ध्याला थोडे वर, कोणी थोडे खाली. मी खाली होतो. मुले मोठ्याने हसली. मलाही हसू आले. पण घोट घेताना तांब्याची चव मला खरोखरच आली होती, हे मी अजून विसरलेलो नाही. ती चव स्टीलच्या पाण्यालाही आली होती, एवढेच.

एका वृद्ध कार्यकर्त्याने तेवढ्यात शंका काढली, "गुरुजी, दहा पेल्यांनी काय होतंय? आणि पाणी एकच रात्र ठेवलेलं." त्यांचे बरोबर होते. दहा पेल्यांवरून बारीक फरक कळत नाही. इतक्या प्रयत्नांत ठळक चवही ओळखू आली नाही, एवढेच आम्ही म्हणू शकतो. आम्ही तसेच वहीत लिहिले आणि पुढच्या वेळी पेले वाढवायचे ठरले.

तेव्हापासून असे कोणतेही कात्रण आले की मंडळात चार प्रश्न विचारले जातात. दावा नेमका काय आहे? मोजणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते का? ज्याचा त्यात स्वार्थ नाही किंवा विश्वास नाही, त्याने ते केले का, आणि काय दिसले? न जमलेले प्रयोग मोजले की बाजूला ठेवले? हे प्रश्न आम्ही पाण्याच्या स्मृतीला लावतो, बाजारातल्या औषधाला लावतो, आणि गुणवत्ता रक्तात असते असे आकडे देऊन सांगणाऱ्यालाही लावतो. आपल्या बाजूच्या माणसाने आकडे दिले, तर त्यालाही लावतो. तेथे ते अधिक अवघड जाते.

"सर, तुम्ही करून पाहिलं होतं का?" या प्रश्नाला माझे उत्तर आजही 'नाही' असेच आहे. परंतु आता मला एवढे सांगता येते, की कोणी केले, कसे केले, कोठे फसले आणि त्यांच्यावर माझा विश्वास का आहे. हा विश्वास काढून घेण्याचा अधिकार मी माझ्याकडे राखून ठेवला आहे आणि त्या मुलीकडेही आहे. यंदा ती एम. एस्सी.ला गेली आहे. तिच्या प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक मिळतो, असे तिने कळवले आहे.